टँकरमध्ये काय आहे, ते बंबवाल्यांना लांबून कळू द्या

मा. परिवहन मंत्री, कर्नाटक शासन, बेंगळूरु यांस,

सप्रेम नमस्कार.

गळीत हंगामात चिकोडी, अथणी, हुक्केरी भागातल्या डिस्टिलऱ्यांतून इथेनॉलचे टँकर तेल डेपोंकडे निघतात. निपाणीजवळच्या तवंदी घाटात त्यांच्या मागेपुढे पेट्रोलचेही टँकर असतात. दोन्हींवर शंकरपाळ्याच्या आकाराचं तेच लाल लेबल, तीच ज्वाला, तोच वर्ग 3, म्हणजे पेट घेणारे द्रव. वेगळा असतो तो यूएन क्रमांक, म्हणजे आत नेमका कोणता धोकादायक माल आहे हे सांगणारा संयुक्त राष्ट्रांचा चार आकडी क्रमांक: पेट्रोलचा 1203, इथेनॉलचा 1170.

बंबवाल्यांचं सगळं गणित या चार आकड्यांवर असतं. पेट्रोलसाठीचा साधा फोम इथेनॉलवर मारला, तर अल्कोहोल फेसातलं पाणी ओढून घेतं आणि थर विरून जातो. तिथे अल्कोहोलला टिकणाराच फोम हवा. त्यात इथेनॉलची ज्वाला फिकट निळी, भर उन्हात पटकन दिसतही नाही.

टँकरवरच्या धोक्याच्या फलकाबद्दल केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 134 स्पष्ट आहे: लेबल किमान 250 मिलिमीटर चौरस, क्रमांकाचे आकडे 100 मिलिमीटर उंच, मालाचं नाव आणि फोन नंबर 50 मिलिमीटरचे. नियमात खोट नाही. खोट आहे ती फलक लावण्यात. मागचा फलक शिडीआड नाहीतर होजपाइपआड जातो. स्वस्त स्टिकरचा लाल रंग उन्हानं गुलाबी पडतो, पावसाळ्यात त्यावर चिखल बसतो. माल बदलतो, क्रमांक मात्र जुनाच राहतो. चुकीचा क्रमांक कोऱ्या फलकापेक्षा वाईट.

म्हणून पासिंगच्या वेळी फलक पट्टीने मोजावा, दहा पावलं मागे जाऊन वाचावा आणि त्यावरचा फोन तिथेच लावून बघावा. स्टिकरऐवजी परावर्तक पत्रा हवा आणि क्रमांकासाठी खाचेत सरकणारी, खिळीने अडकवलेली पाटी. मालाच्या चलनावरचा (डिलिव्हरी चलन) आणि पाटीवरचा क्रमांक जुळल्याशिवाय डेपोने गेटपास देऊ नये. माल उतरला म्हणून पाटी काढणंही चूकच. न धुतलेल्या रिकाम्या टँकरमध्ये वाफ भरलेली असते.

फलकाखाली एक ओळ कन्नड आणि मराठीत असावी: ‘पेट घेणारा द्रव. लांब थांबा. 112 ला फोन करा.’ गळक्या टँकरपाशी कॅन घेऊन धावणाऱ्याला 1170 काय सांगणार?

ट्रेम कार्डात, म्हणजे चालकाजवळच्या आणीबाणीच्या सूचनांच्या कागदात, सारी माहिती असते खरी, पण ते केबिनमध्ये. आग लागल्यावर तिथवर जाणार कोण?

आपले,
बेळगाव सीमाभागात औद्योगिक सुरक्षेचं काम करणारे