पूलमध्ये मीठ घालण्याआधी

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

क्लोरीनचा कॅन उचलताना बाबांच्या पाठीत उसण भरली, हे आईकडून कळलं. बाबा, तुम्ही सांगितलंही नाहीत. पोहण्याचा पूल मिठाच्या पाण्यावर न्यायचा तुमचा विचार मला पटलाय, पण आपला पूल जुना आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

आई, तुला वाटतंय की आता क्लोरीन कायमचा जाईल. तसं नाही गं. पाण्यातल्या मिठापासूनच तिथल्या तिथे क्लोरीन तयार होतो. पाणी सेल नावाच्या छोट्या यंत्रातून जातं, आतल्या टायटॅनियमच्या पट्ट्यांमधून वीज वाहते आणि मिठातून क्लोरीन सुटतो. तो आपलं काम करून पुन्हा मीठच होतो, म्हणून तेच मीठ परत परत वापरलं जातं. तुझे डोळे चुरचुरतात ते बहुतेक वेळा क्लोरीन घामाशी आणि इतर घाणीशी संयोग पावल्यामुळे. पाण्याकडे दुर्लक्ष झालं तर तो त्रास मिठाच्या पूलमध्येही होईल. फायदा हा की क्लोरीन रोज थोडा थोडा, सारखा मिळत राहतो आणि कॅन उचलावे लागत नाहीत. मला तेवढंच हवंय.

माझी काळजी आहे ती धातूंची. खारट पाण्यातून वीज जास्त सहज वाहते, त्यामुळे दोन वेगळे धातू एकाच पाण्यात असले की त्यातला एक लवकर झिजतो. आपली शिडी, दिव्याची चौकट, हीटरमधली तांब्याची नळी, जमिनीखालचा एखादा जुना लोखंडी पाइप, हे सगळं आधी तपासून घ्या. शिडीच्या बुडाशी आताच गंज दिसत असेल तर ती बदलावीच लागेल. काठाची फरशी मऊ दगडाची आहे. खारं पाणी त्यात मुरून वाळलं की पापुद्रे सुटतात, म्हणून तिला सीलर, म्हणजे पाणी मुरू न देणारा लेप, लावून घ्यायचा आणि पोहून झालं की साध्या पाण्याने काठ धुवायचा. आणि अर्थिंग! पूलभोवतीचे सगळे धातूचे भाग एकमेकांना आणि पंपाला नीट जोडलेले आहेत का, हे पूलचं काम येणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडूनच बघून घ्या. हे झाल्याशिवाय सेल बसवू नका, एवढं माझं ऐका. सेल फिल्टर आणि हीटर दोन्हींच्या नंतर, अगदी शेवटी बसतो.

मिठाचा हिशेब सोपा आहे. लिटरमागे साधारण ३ ग्रॅम मीठ लागतं. समुद्रात ३५ असतं, त्यामुळे चव जेमतेम कळेल. पूल ५०,००० लिटरचा धरला तर १५० किलो. पण इतकी वर्षं क्लोरीन घातल्यामुळे पाण्यात आधीचं मीठ आहेच, म्हणून आधी मोजायचं आणि कमी असेल तेवढंच घालायचं. मीठ शुद्ध हवं, आयोडीन नसलेलं. सेल बंद ठेवून पंप चालू ठेवायचा, मीठ ब्रशने हलवायचं आणि पूर्ण विरघळल्यावरच सेल सुरू करायचा.

त्यानंतरही आठवड्याला पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा, तपासावा लागेलच, कारण या पद्धतीत तो वर चढत राहतो आणि अ‍ॅसिड घालून खाली आणावा लागतो. हे काम मात्र राहणारच. बाबा, अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. उरलेले क्लोरीनचे कॅन त्याच्या जवळ ठेवू नका. दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू होतो. पट्ट्यांवर पांढरा क्षार साठतो, तो मी आले की साफ करीन. सेल काही वर्षांनी झिजतो आणि नवा घ्यावा लागतो, हेही धरून चला.

तुम्ही दोघांनी एवढंच करा: हीटरवरच्या पाटीचा आणि शिडीच्या बुडाचा फोटो पाठवा, पाण्यातलं मीठ मोजून घ्या. मी पुढच्या महिन्यात येते. तोवर मिठाचं एकही पोतं उचलू नका, बाबा. आई, तू लक्ष ठेव.

तुमची,
ताई