राज्याच्या सरासरीत माझी बहीण कुठे बसते?

माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझ्या बहिणीच्या मोबाईलवर बँकेचा संदेश आला : जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये जमा. घरी न राहता दवाखान्यात येऊन बाळंत झाल्याबद्दल शासन ही रक्कम देते, आणि माझी बहीण सरकारी दवाखान्यातच बाळंत झाली होती. त्याच रात्री अंगावरून रक्त जाऊन ती गेली. पैसे पोचले तोवर तिचे बाळ मान धरू लागले होते.

महोदय, राज्यातील मातामृत्यू कसे घटले हे आपल्या खात्याच्या प्रत्येक कार्यक्रमात ऐकायला मिळते. आकडे मीही वाचतो. मी प्राथमिक शिक्षक आहे, आणि सरकारचे निम्मे आकडे आमच्यासारख्यांनीच दारोदार फिरून गोळा केलेले असतात. २००७-०९ मध्ये महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे १०४ माता दगावत होत्या, २०१८-२० मध्ये हे प्रमाण ३३ वर आले. आशाताईंना आणि परिचारिकांना याचे श्रेय द्यावे तेवढे थोडेच आहे. मात्र पुढचे दोन आकडे भाषणांत येत नाहीत : २०१९-२१ मध्ये ३८ आणि २०२०-२२ मध्ये ३६. देशाचा दर ८८ असल्याने आपण समाधानी असाल, तर २०२०-२२ च्या त्याच तक्त्यात केरळ १८ वर होते, तेही पाहावे. राज्यात वर्षाला अठरा-एकोणीस लाख बाळंतपणे धरली, तर माझ्या ढोबळ गुणाकाराने सहाशेच्या वर बाया होतात, म्हणजे दिवसाला जवळजवळ दोन होत असणार. शिवाय ज्या नमुना नोंदणी पाहणीतून हा दर निघतो, ती जिल्ह्याचा आकडा देतच नाही. पुण्यातली बाळंतीण आणि आमच्या सातपुड्याच्या पायथ्याची बाळंतीण एकाच सरासरीत बसवायची आणि राज्य पुढे गेले म्हणायचे, हा वर्गाचा निकाल चांगला लागला म्हणून नापास पोराच्या हातावर पेढा ठेवण्याचा प्रकार झाला.

माझ्या बहिणीच्या माता व बाल संरक्षण कार्डावर सातव्या महिन्यातच हिमोग्लोबिन साडेसात लिहिलेले आहे आणि वर लाल शाईने ‘अतिजोखमीची’ असा शेरा आहे. शेरा मारला, की खात्याचे काम संपत असावे, कारण शिरेतून द्यायचे लोह ‘पुढच्या तपासणीला बघू’ असे म्हणत राहूनच गेले. वार पडल्यावरही रक्त थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी आणि नर्सबाईंनी हातात होते ते सगळे केले. त्यांना मी दोष देत नाही. पण बाळंतपणानंतरचे रक्त थांबवायला देतात ते ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन थंडाव्यात ठेवावे लागते आणि त्या दिवशी दुपारपासून वीज नव्हती, ही गोष्ट तुमच्या कोणत्या रकान्यात भरतात? त्याच इमारतीत ‘रक्त साठवणूक केंद्र’ असा फलक निवडणुकीच्या आधी लागलेला आहे. आत फ्रीज आहे, त्यावरचे प्लास्टिक अजून निघालेले नाही, आणि दाराला कुलूप आहे, कारण तंत्रज्ञाचे पद रिक्त आहे. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव दोन तासांत जीव घेऊ शकतो, आणि आम्हाला ‘वर न्या’, म्हणजे जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या, असे सांगण्यात आले.

घाटात तिने पाणी मागितले. मी दिले नाही, कारण ऑपरेशन करावे लागेल, पाणी पाजू नका, असे बजावले होते. जिल्ह्याच्या दवाखान्यात रक्ताच्या पिशवीच्या बदल्यात रक्तदाता मागितला. मी बाही वर केली, पण रक्तगट जुळवून पिशवी येईपर्यंत ती राहिली नाही.

मृत्यूनंतर जो अर्ज भरला गेला, त्यात कारण लिहिले आहे : ‘नातेवाइकांकडून विलंब.’ मातामृत्यूच्या जिल्हास्तरीय आढाव्याला नातेवाइकांना बोलवावे, असे आपल्याच मार्गदर्शक सूचनांत आहे. आम्हाला कोणी विचारलेही नाही. केरळमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून प्रत्येक मातामृत्यूचा गोपनीय आढावा घेण्याचा पायंडा पाडला, त्यात दोषी शोधत नाहीत, चूक शोधतात. आपल्याकडे चूक शोधायला गेले तर रिक्त पदांची यादी हाती लागेल, त्यापेक्षा अडाणी नातेवाईक केव्हाही सोयीचे.

आणि पदे भरणार कशी? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. ते वचन कुठे अडकले, हे विचारण्याची आमची पायरी नसेल. पण योजनेला नवे नाव द्यायला, उद्घाटनाला मांडव घालायला आणि फलक रंगवायला पैसा कधी कमी पडल्याचे आम्ही पाहिलेले नाही. अडतो तो तंत्रज्ञाच्या पगारापाशी. इमारतीवर कोनशिला बसते, पगारावर बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ मी लावतो.

तरीही मागायचे ते मागतो. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात तंत्रज्ञ नेमून रक्त साठवणूक केंद्र सुरू करावे, औषधांच्या फ्रीजला इन्व्हर्टर द्यावा, राज्यातील मातामृत्यू जिल्हावार आणि कारणांसह दर तिमाहीस प्रसिद्ध करावेत, आणि माझ्या बहिणीच्या अर्जावरचा ‘नातेवाइकांकडून विलंब’ हा शेरा आमचा जबाब घेऊन दुरुस्त करावा. ‘आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठविण्यात आले आहे’ असे छापील उत्तर मात्र धाडू नये. फलक लावण्याआधी मी याच केंद्रासाठी अर्ज केला होता, तेव्हाचे तसले उत्तर माझ्याकडे आहे.

आपला,
सातपुड्याच्या पायथ्याचा एक प्राथमिक शिक्षक