शाळेवर हल्ला झाला की बातमी एकाच दिवसाची?

संपादक साहेब, नमस्कार.

गाझा, युक्रेन, सुदान, कुठेही शाळेवर बॉम्ब पडला की पेपरात फोटो येतो आणि दुसऱ्या दिवशी परत मेगाब्लॉक. पण या हल्ल्यांची नोंद ठेवायची एक सिस्टीम आहे हे कितीजणांना माहितीये? युनोच्या सुरक्षा परिषदेने २००५ मध्ये १६१२ नंबरचा ठराव केला त्यातून ती आली, आणि कोणीतरी सांगितलं म्हणून नोंद होत नाही, पडताळणी करूनच होते, त्यामुळे जिथे कोणी पोचूच शकत नाही तिथला आकडा कमी दिसतो, हे आकडे छापताना तुम्ही पण लिहीत जा ना. २०११ च्या ठरावानंतर शाळांवर वारंवार हल्ले करणाऱ्यांची नावं सुद्धा सरचिटणीसांच्या यादीत येतात. नुसत्या यादीने काय होतंय म्हणाल, पण नाव लागलं की निदान जगासमोर लाज तरी निघते.

आणि हे लांबचं नाही बरं का, आपल्या शेजारी छत्तीसगडमध्ये माओवादी शाळा उडवायचे, सुरक्षा दलं शाळांत मुक्काम ठोकायची, शेवटी २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, शाळा रिकाम्या करा. तरी २०१५ च्या सेफ स्कूल्स डिक्लरेशनला (युद्धातही शाळा सुरक्षित ठेवू, असं देशांनी द्यायचं वचन) भारताने अजून पाठिंबा दिलेला नाही. मुंबईचे सहा खासदार आहेत, एकाने तरी लोकसभेत का ते विचारावं.

– एक वाचक, भांडुप