पेन्सिलीचा गोल

सिस्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. पण हे तुमच्यापर्यंत पोचलं तर लगेच ओळखाल. आईच्या रिपोर्टवर पेन्सिलीने गोल काढणाऱ्या सिस्टर तुम्हीच.

आईच्या कॅन्सरसाठी तुमच्याकडे येण्याआधी आम्ही दुसरीकडे जात होतो. तिथल्या डॉक्टरांनी फाईल चाळता चाळता सांगून टाकलं, "पसरलंय, फार आशा ठेवू नका." आई समोरच बसली होती, तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. घरचेही काही कमी नव्हते. तिचा सत्तरावा वाढदिवस आला, तर "बरी झाली की करू" म्हणून तो तसाच जाऊ दिला. पूर्ण बरं होणं तिच्या नशिबी बहुधा नाही, हे सगळ्यांना माहीत असून. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

केमो दर 21 दिवसांनी. दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी कमी व्हायच्या आणि पुढची सायकल होणार की लांबणार, या धास्तीत आम्ही सगळे. चौथ्या वेळी 1,800 वरून 4,200 झाल्या. मी "चला, सुटलो" म्हणून रिपोर्ट फाईलला लावणार, तेवढ्यात तुम्ही तो मागून घेतलात. कॉटवर टेकलात, खिशातली पेन्सिल काढून आकड्याभोवती गोल केलात, शेजारी लिहिलंत "शाब्बास!" आणि कागद आईच्या हातात दिलात. माझ्या नाही, तिच्या. तिने तो उशीखाली ठेवला. त्या रात्री कितीतरी दिवसांनी ती आपणहून गप्पा मारत बसली.

उपचार संपले की घंटा वाजवायची, ही पद्धत आता बऱ्याच कॅन्सर रुग्णालयांत आहे. 1996 मध्ये अर्व ले मॉयन या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याने ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन या कॅन्सर रुग्णालयात ती सुरू केली. कुणी घंटा वाजवली की मलाही भरून येतं. पण आईचे उपचार संपणारे नाहीत. तिने आनंद कधी करायचा, हा प्रश्न तुमच्याशिवाय कुणाला पडलाच नव्हता.

आणि खोटा धीर तुम्ही कधी दिला नाहीत. आकडे पडले तेव्हा पडले म्हणालात. म्हणून तर त्या "शाब्बास"वर तिचा विश्वास बसला. अशी सरळ, मायेची माणसं अजून आहेत, हे मलाही तुमच्यामुळेच पुन्हा पटलं.

काल रिपोर्ट आला. पेशी परत कमी आहेत. आईने चष्मा लावून अख्खा कागद वाचला. हिमोग्लोबिन 9.1 चं 9.6 झालेलं तिने शोधून काढलं आणि माझ्याकडे पेन्सिल मागितली. गोल जरा वाकडा आलाय. पुढच्या वेळी दाखवायला आणते आहे.

तुमच्या पेशंटची मुलगी