गिटारच्या मानेखालचा टेकू

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांतून सुरू झालेल्या गिटारच्या वर्गांविषयी आपल्या पुरवणीत जो मजकूर प्रसिद्ध झाला, तो मी आनंदाने वाचला. मी परभणीत गिटारची दुरुस्ती आणि सेटअपची, म्हणजे मानेचा बाक नि तारांची उंची जुळवण्याची, कामे करतो. जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड, पूर्णा अशा ठिकाणांहून मुले आणि त्यांचे पालक वाद्ये घेऊन माझ्याकडे येतात. गिटारी वाढल्या तशी दुरुस्तीची दुकाने वाढली, आणि मोबाइलवर पाहून घरच्या घरी तारा बदलणारे, ट्रस रॉड (मानेच्या आत बसवलेली, आवळली की मान सरळ करणारी सळई) फिरवणारे हौशी तरुणही वाढले. यात गैर काहीच नाही. मात्र गिटार टेबलावर उताणी ठेवल्यावर तिच्या मानेखाली, म्हणजे ज्याला आपण सगळे नेक म्हणतो त्या भागाखाली, जो टेकू द्यावा लागतो, त्याच्या निवडीकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही. त्यापायी होणारे नुकसान मला वारंवार पाहावे लागते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कोणी टॉवेलची गुंडाळी ठेवतो, कोणी टीव्हीच्या खोक्यातून निघालेला थर्माकोल, कोणी सोफ्याचा फोम, तर कोणी मान सरळ टेबलाच्या कडेवरच टेकवतो. तारा बदलण्यापुरते यातले काहीही चालून जाते, असे सर्वांना वाटते. मलाही पूर्वी तसेच वाटत असे. जिंतूरच्या एका अकरावीतील मुलीची इलेक्ट्रिक गिटार माझ्याकडे सेटअपसाठी आली होती. मी ती टेबलावर ठेवली, नटच्या, म्हणजे डोक्याजवळ तारा ज्या खाचांत बसतात त्या पट्टीच्या, अगदी खाली एक उंच लाकडी ठोकळा सारला आणि डाव्या हाताचा भार गिटारच्या धडावर ठेवून मानेचा बाक, म्हणजे तारांच्या ओढीने तिला येणारा हलका वाक, मोजला. पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून आणि मान धडाला मिळते तिथल्या फ्रेटवर तार दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीची पातळ पट्टी, सरकवले, तर तार आणि फ्रेट यांतले अंतर ०.३० मिमी आले. मला ते जास्त वाटले, म्हणून मी ट्रस रॉड थोडा आवळला आणि गिटार परत दिली. चार दिवसांनी ती मुलगी वडिलांबरोबर एसटीने पुन्हा परभणीला आली. पहिल्या तीन-चार फ्रेटवर प्रत्येक सूर खरखरत होता. मी गिटार मांडीवर घेऊन, वाजवताना धरतो तशी धरून मोजली, तेव्हा मान जवळजवळ सरळ झालेली होती. माझा ठोकळा डोक्याकडची बाजू वर ढकलत होता, मी धड खाली दाबत होतो, आणि या दोन्हींमुळे जो खोटा बाक दिसत होता तोच मी ट्रस रॉडने काढून टाकला होता. त्या दिवशी मी वडिलांवर एसटीच्या भाड्याचा भारही पडू दिला नाही, दोन्ही फेऱ्यांचे पैसे मी दिले, आणि तेव्हापासून टेकूकडे मी मोजमापाच्या साधनासारखेच पाहू लागलो.

ॲकॉस्टिक गिटारवरील लाइट गेजच्या (बारीक) सहा पोलादी तारा मिळून मानेवर सुमारे ७० किलोचा ताण देतात, हे ऐकल्यावर टेकूच्या हलक्याशा दाबाने काय बिघडणार, असे कोणालाही वाटेल. परंतु सेटअपमध्ये आपण ज्या अंतराशी झगडत असतो ते बहुतेक वेळा ०.२० ते ०.३० मिमी इतकेच असते. टेकू डोक्याजवळ उंच असला तर बाक वाढलेला दिसतो, मानेच्या मध्याखाली असला तर बाक कमी झालेला दिसतो, आणि टेकूच नसला तर डोक्याच्या वजनाने मान मागे झुकते. फ्रेट घासून समतल करताना तर ही चूक कायमची होते, कारण ट्रस रॉड उलटा फिरवता येतो, पण घासून गेलेला धातू परत येत नाही. अमेरिकेतील दुरुस्तीकार डॅन अर्लवाइन यांनी याच अडचणीसाठी, वाजवण्याच्या स्थितीतला मानेचा आकार तारा काढल्यावरही टिकून राहावा म्हणून, एक स्वतंत्र जिग, म्हणजे गिटार धरून ठेवणारी चौकट, तयार केला. आपल्याकडच्या लहान दुकानात तो असण्याची गरज नाही, पण त्यामागचा विचार असायला हवा.

टेकू निवडताना मी सर्वांत आधी उंची पाहतो. सपाट इलेक्ट्रिक गिटारचे धड साधारण ४५ मिमी जाड असते, तर मोठ्या ॲकॉस्टिकचे धड मानेजवळ १०० मिमी आणि शेपटाकडे १२० मिमीच्या आसपास भरते, तेव्हा एकाच उंचीचा टेकू दोहोंना पुरणे शक्य नाही. त्यातही गिब्सन या अमेरिकन कंपनीच्या धाटणीच्या गिटारचे डोके मागे कललेले असते, पुष्कळ मॉडेलांत सुमारे १७ अंश, आणि नटच्या मागेच ट्रस रॉडसाठी लाकूड कोरलेले असल्यामुळे तीच जागा सर्वांत नाजूक असते. टेकू बुटका असेल तर डोक्याचे टोक टेबलावर टेकते आणि वरून नटच्या खाचा कानशीने घासताना सगळा दाब त्या नाजूक जागेवर येतो. नेक मोडलेल्या ज्या गिटारी माझ्याकडे येतात, त्या बहुतेक खाली पडलेल्या असतात, पण दुरुस्तीच्या टेबलावरच तडकलेल्याही मी पाहिल्या आहेत. म्हणून टेकू इतका उंच हवा की डोके अधांतरी मोकळे राहील, आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटखाली बसवावा, डोक्याच्या वळणाखाली कधीही नव्हे. खोबणीची रुंदीही पाहून घ्यावी. पोलादी तारांच्या गिटारची मान नटजवळ ४३ मिमीच्या आसपास असते, नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारची ५२ मिमी. खोबण ६० मिमीपेक्षा अरुंद असेल तर क्लासिकलची मान कडांवर अडकून बसते.

मानेला नेमके काय स्पर्श करते, हा तितकाच महत्त्वाचा विषय आहे. जुन्या आणि काही महागड्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर या प्रकारचे पॉलिश असते. रबर, रेक्झिन आणि काही प्रकारचे फोम त्याच्याशी दीर्घकाळ लागून राहिले की त्यांतील द्रव्ये लॅकरमध्ये उतरतात, आणि ते मऊ पडून डाग राहतात. स्वस्त गिटारींवरचे पॉलियुरेथेन बरेच सोशिक असते, पण नुसते पाहून दोन्हींतला फरक ओळखणे अवघड असल्यामुळे मी सरसकट कॉर्क किंवा मऊ चामडे वापरतो. गाड्यांच्या गॅस्केटसाठी स्पेअर पार्टच्या दुकानात कॉर्कची शीट सहज मिळते, मात्र तिच्यात पुष्कळदा रबर मिसळलेले असते, तेव्हा तशी शीट घेतलीच तर तिच्यावर चामडे ओढून घ्यावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो, पत्र्याखालच्या दुकानात रेक्झिन चिकट होते आणि फोम वर्ष-दोन वर्षांत भुगा होऊन मानेला चिकटतो, हे मी स्वतः खरवडून काढले आहे. मखमल किंवा फेल्ट दिसायला सुंदर असते, पण फ्रेट घासल्यानंतरची बारीक कीस त्यात रुतून बसते. फ्रेट बहुधा निकेल सिल्व्हर या चुंबकाला न चिकटणाऱ्या मिश्रधातूचे असल्यामुळे ती कीस चुंबकानेही निघत नाही आणि पुढच्या गिटारच्या पाठीवर ओरखडे उठतात. चामडे ओल्या फडक्याने पुसता येते, हा त्याचा मोठा गुण आहे.

फ्रेट ठोकण्याचे काम मात्र वेगळे आहे आणि त्यासाठी वेगळाच टेकू लागतो. खाली मऊ काही असेल तर हातोडीचा घाव तेच गिळते आणि फ्रेट खाचेत पूर्ण बसत नाही. त्यासाठी मी चाळून, धुऊन, उन्हात वाळवलेली वाळू जाड जीनच्या दुहेरी पिशवीत भरली आहे. ती मानेच्या आकाराशी जुळवून घेते आणि जड असल्याने हलत नाही. जो फ्रेट ठोकायचा त्याच्या बरोबर खाली ती सरकवत न्यावी. पिशवीची शिवण अधूनमधून तपासावी, कारण बाहेर आलेला वाळूचा एक कणही पॉलिशवर रेघ ओढतो.

परदेशी टेकू मागवण्याची ऐपत प्रत्येक दुकानदाराची नसते आणि तशी गरजही नाही. चुंबळ नसेल तर भरलेली घागर डोक्यावर ठरत नाही, हे आपल्या आया-आज्यांना ठाऊक होते; मानेखालच्या टेकूचे कामही त्याहून फार वेगळे नाही. मी गावातल्या सुताराकडून बाभळीच्या जड ठोकळ्याचा टेकू करून घेतला. त्याच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या खोलीच्या खोबणी आहेत, त्यामुळे उलटा केला की उंची बदलते, आणि उरलेला फरक ६ मिमी प्लायच्या पट्ट्या खाली सारून भरता येतो. तळाची रुंदी उंचीपेक्षा जास्त ठेवली आहे, म्हणजे धक्का लागला तरी तो कलंडत नाही.

आता राहिली नेमकी उंची ठरवण्याची रीत. तारा सुरात लावलेली गिटार टेबलावर ठेवावी, टेकू मानेखाली सरकवावा आणि दोहोंमध्ये वर्तमानपत्राच्या कागदाची बोटभर पट्टी घालावी. पट्टी ओढताना किंचित अडून पण न फाटता बाहेर आली, तर तारा बदलण्यासाठी आणि सफाईसाठी उंची योग्य आहे. फाटली तर टेकू मान उचलतो आहे. बाक मोजताना मात्र या पट्टीवरही विसंबू नये, गिटार मांडीवर घ्यावी आणि आकडा तिथेच वाचावा.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि गिटार शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी आपापल्या टेबलावरचा टेकू या दृष्टीने एकदा तपासून पाहावा. पालकांनीही वाद्य दुरुस्तीला देताना ते कशावर ठेवले जाते ते पाहावे आणि बाक कोणत्या स्थितीत मोजला, असे विचारावे. विचारल्याचा राग कोणी मानू नये. जिंतूरच्या त्या वडिलांनी मला तेव्हा तसे विचारले असते, तर त्या मुलीचे चार दिवस वाया गेले नसते.

आपला,
एक गिटार दुरुस्तीकार,
परभणी