तो फॉर्म

सातारा, रविवार रात्र

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रेंज गेली नव्हती. फोन मीच ठेवला.

अर्णवच्या वर्गात हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही वर्णद्वेषावरची अमेरिकन कादंबरी घेणार, शाळेने संमतीचा फॉर्म पाठवला आणि तू ‘नको’वर खूण केलीस. तेवढे दिवस तो त्या तासाला लायब्ररीत बसून दुसरं काही वाचणार. एकटाच का गं? की असतं कुणी सोबत?

बसमध्ये त्याला पोरं काय म्हणाली ते तू सांगितल्यापासून मलाही झोप नाही. तसलेच रंगावरून हिणवणारे शब्द पुन्हा वर्गात, पुस्तकातून कशाला, असं तुला वाटणारच. पण त्यातला काळा टॉम रॉबिन्सन निर्दोष आहे हे कोर्टात सगळ्यांना दिसतंय आणि तरी ज्युरी त्याला दोषी ठरवते, हे पोरांना कळायचं कसं? इतिहासात सनावळ्या मिळतात. इथे त्याच्या गोऱ्या वकिलाची आठ-नऊ वर्षांची मुलगी स्काउट काळ्या लोकांच्या गॅलरीत बसून ते बघते आणि तिच्याबरोबर आपणही तिथे बसतो. कायदा काय, समाज काय, न्याय म्हणजे

बघ, सुरू झाला माझा तास. तीस वर्षांची खोड, माफ कर.

हा वाद काही आजचा नाही. 1966 मध्ये व्हर्जिनियातल्या हॅनोव्हर काउंटीच्या शाळा मंडळाने हे पुस्तक अनैतिक ठरवलं, तेव्हा लीबाईंनी दहा डॉलर पाठवले, अख्ख्या मंडळाला पहिलीत घालायला! बाबा असते तर किती हसले असते. 2017 मध्ये मिसिसिपीतल्या बिलॉक्सीत ते आठवीच्या वर्गातून काढलं, का तर भाषेने लोक अवघडतात. अगं, अवघडायलाच तर वाचायचं. पण कॅलिफोर्नियातल्या बरबँकपुढे माझी बोलती बंद होते. 2020 मध्ये तिथे असली पाच पुस्तकं सक्तीच्या वाचनातून गेली आणि तक्रार करणाऱ्यांत काळ्या मुलांचे आईबाप होते. त्यांना मी कुठल्या तोंडाने शिकवू?

मला 1991ची नववी ब आठवते. गावकुसाबाहेरच्या आयुष्यावरचा उतारा होता. जातीचं नाव आलं आणि सगळ्या माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या. मी ते पाहिलं आणि पुढची ओळ वाचली. तो मुलगा चार दिवस शाळेत आला नाही. पुढच्या वर्षी ‘हा घरी वाचा’ म्हणून मी तो धडाच टाळला. माझाही ‘नको’च. दिवाळीनंतर त्याची धाकटी बहीण स्टाफरूमच्या दारात उभी. “बाई, तो धडा कधी घेणार? दादाने घरी वाचून दाखवलाय.” मी म्हटलं, पोर्शन संपवायचाय.

हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

म्हणून म्हणते, त्याच्या टीचरशी बोल. पुस्तकातला तो शिवीचा शब्द मोठ्याने वाचणार का? त्याआधी मुलांशी काय बोलणार? टॉमला त्या पुस्तकात स्वतःचा आवाज थोडाच, बाजू मांडतो तो गोरा वकील. मग जोडीला टोनी मॉरिसन, मिल्ड्रेड टेलर अशा कुणा काळ्या लेखिकेचं काही देणार का? नीट उत्तरं मिळाली नाहीत तर राहू दे तुझी खूण. पोर तुझं आहे. तू एकटीने परक्या मुलखात त्याला वाढवतेस, हे मी सगळ्यांना सांगत असते, फक्त तुला सांगायचं राहतं.

पण फोनवर तू म्हणालीस, “हा त्यांचा इतिहास आहे आई, आपला काय संबंध?” तिथे मी फोन ठेवला. दर 11 एप्रिलला बाबा तुला मांडीवर घेऊन ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका वाचायचे, विसरलीस? 1873 मध्ये जोतिरावांनी ते पुस्तक अर्पण केलं ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना. ती अर्पणपत्रिका मुळातच इंग्रजीत आहे, अर्णवला वाचता येईल. उद्या शेजारच्या पिंकीकडून फोटो काढून घेते आणि पाठवते.

मेतकूट संपलं असेल ना? आणि तो लायब्ररीत कुणाबरोबर बसतो, तेवढं कळव.

तुझी,
आई