कादंबरीकाराला प्रेरणेआधी विवरणपत्र हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत कादंबरीकारांच्या लेखनप्रवासावरचे लेख अधूनमधून येत असतात. पहाटे उठून लिहिणे, पात्रांनी झोप उडवणे, ‘आतून आल्याशिवाय लिहीत नाही’ हे सगळे त्यांत असते. आवृत्ती किती प्रतींची निघाली, करारात काय होते, वर्षाअखेर हाती किती आले, हे कुणी विचारत नाही आणि लेखकही आपणहून सांगत नाही. मराठीत कादंबरीवर घर चालत नाही हे सर्वांना ठाऊक आहे. पण जे मिळायला हवे त्यातलेही बरेच वाटेत गळते आणि ही गळती बव्हंशी टाळता येते. त्याबद्दल हे पत्र.

आधी साधा हिशेब. ७० हजार शब्दांची कादंबरी डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात २५० पानांच्या आसपास जाते, म्हणजे सोळा पानांचे पंधरा-सोळा फर्मे (एकत्र छापून दुमडलेले पानांचे संच). किंमत ४०० रुपये धरू. पूर्वी पहिली आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची असे. आता ५०० ची, कित्येकदा ३०० ची, आणि मागणीनुसार छपाई सुरू झाल्यापासून शंभर-शंभरच्या खेपा. रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा, १० टक्के असेल तर प्रतीमागे ४० रुपये. ५०० ची आवृत्ती संपूर्ण खपली तर २० हजार. लिहायला दीड-दोन वर्षे, प्रकाशकाच्या होकाराला तीन ते सहा महिने, छापून यायला आणखी आठ-दहा महिने, आणि आवृत्ती संपायला तीन वर्षे लागली तर तेवढेच २० हजार तीन तुकड्यांत. हा बऱ्यापैकी चाललेल्या कादंबरीचा हिशेब आहे, पडलेल्या नव्हे.

पहिली गळती इथेच होते. १० टक्के कशावर? छापील किमतीवर असेल तर ४० रुपये. पण करारात ‘निव्वळ विक्रीवर’ असे लिहिलेले असेल आणि वितरकाला ४५ टक्के सूट गेलेली असेल, तर प्रकाशकाच्या हाती २२० येतात आणि लेखकाच्या वाट्याला २२. फरक एका शब्दाचा, रक्कम जवळजवळ अर्धी. प्रकाशनपूर्व सवलतीत पुस्तक २५० ला विकले, तर रॉयल्टी ४०० वर की २५० वर, हेही लिहून घ्यावे लागते. लेखकाने स्वतः सवलतीत विकत घेतलेल्या प्रतींवर रॉयल्टी नाही, असे एक कलम असते. ते गैर नाही. मात्र ‘लेखकाने किमान शंभर प्रती घ्याव्यात’ हे कलम त्याच्या शेजारी आले, की ३०० च्या आवृत्तीतला तिसरा हिस्सा रॉयल्टीतून बाहेर गेला, हे सही करताना लक्षात येत नाही.

दुसरी गळती विवरणपत्राची. ३१ मार्चनंतर तीन महिन्यांत लेखकाला विक्रीचे विवरण मिळावे असे करारात असले पाहिजे, आणि त्यात पाच आकडे हवेत: छापलेल्या प्रती, भेट व अभिप्रायासाठी दिलेल्या, विकलेल्या, परत आलेल्या, शिल्लक. समजा ५०० छापल्या, ३५ भेट-अभिप्रायात गेल्या, २८६ दुकानांकडे गेल्या, त्यांतल्या २२ परत आल्या. विक्री २६४, शिल्लक २०१, रॉयल्टी १०,५६० रुपये. बेरीज जुळते. प्रत्यक्षात बहुतेक लेखकांना एक धनादेश येतो आणि सोबत एक ओळ: ‘चालू वर्षाची रॉयल्टी’. त्यावरून शिल्लक किती ते कळत नाही, त्यामुळे दुसरी आवृत्ती कधी निघायला हवी होती हेही कळत नाही. परतीच्या प्रती पुढच्या वर्षाच्या हिशेबात वजा होतात. म्हणून पहिल्या वर्षी फुगलेला आकडा दुसऱ्या वर्षी एकदम खाली येतो आणि लेखक समजतो की वाचक पाठ फिरवून गेले. वाचक कुठेही गेलेले नसतात, फेब्रुवारीत दुकानात गेलेला गठ्ठा जूनमध्ये परत आलेला असतो. सगळे प्रकाशक लबाडी करतात असे मुळीच नाही. अनेकांकडे हिशेब ठेवायला माणूसच नसतो आणि लेखक मागत नाही तोवर तो काढला जात नाही.

कराराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण कायदा लेखकाच्या बाजूने आहे आणि लेखकालाच ते माहीत नसते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सही केलेले असावे लागते. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी, मोबदला काय, हे त्यात असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. घेतलेला हक्क प्रकाशकाने एका वर्षात वापरला नाही आणि करारात वेगळे काही म्हटलेले नसेल, तर त्या हक्काचे हस्तांतर संपते. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट आली: करार होताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यावसायिक वापरात नव्हते, त्याचा हक्क नावानिशी लिहिल्याशिवाय जात नाही. यातले बरेचसे संरक्षण एका ओळीने निकालात निघू शकते, आणि ती ओळ छापील करारनाम्यात हटकून असते: ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभरासाठी.’ ती खोडून तिथे ‘मराठी छापील आवृत्ती, ५ वर्षे’ असे लिहावे, दोघांनी त्यावर लघुस्वाक्षरी करावी. ई-बुक, श्राव्य पुस्तक, अनुवाद, नाट्यरूपांतर, चित्रपट-मालिका हे पाच हक्क पाच वेगळ्या ओळींत लिहावेत. अनुवादाचे काम प्रकाशकाने जमवले तर त्याला वाटा द्यायला हरकत नाही, पण टक्केवारी तिथेच ठरवावी. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. वाद होण्याची शक्यता वाटत असेल तर ५०० रुपये शुल्कात ती करून ठेवता येते.

श्राव्य पुस्तकांनी गेल्या काही वर्षांत मराठी लेखकाला एक नवे दार उघडून दिले. ७० हजार शब्दांचे वाचन पावणेआठ तासांच्या घरात जाते. मोबदला एकरकमी किंवा ऐकलेल्या तासांच्या प्रमाणात असतो. दुसरा प्रकार असेल तर विवरण तिमाही मागावे. इथे बिघडते ते उच्चारात. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार निवेदकाला कागदावरून कळत नाहीत आणि माणदेशातली किंवा मालवणातली बोली पुण्याच्या स्टुडिओत भलतीच वळणे घेते. गावांची नावे, आडनावे आणि बोलीतले अडणारे शब्द लेखकाने आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित करून आधीच पाठवावेत. वीस मिनिटांचे काम आहे, पण ते टाळले जाते.

चित्रपटाच्या बाबतीत ‘कादंबरी घेतली’ आणि ‘ऑप्शन घेतले’ यांत फरक असतो. ऑप्शन म्हणजे वर्ष-दीड वर्ष दुसऱ्या कुणाला देणार नाही एवढेच. त्याची रक्कम किरकोळ असते, आणि मुदत ‘चित्रीकरण सुरू होईपर्यंत’ अशी मोघम लिहिली तर कादंबरी कायमची अडकून पडते.

लिहिण्याच्या बाजूने कादंबरी कुठे फसते यावर थोडेच लिहितो, तो पुरवणीचाच प्रांत आहे. बरेच कच्चे खर्डे अर्ध्या वाटेत थांबतात, आणि कारण प्रेरणा आटणे हे क्वचितच असते. वये आणि वर्षे जुळेनाशी होतात, म्हणून हात थांबतो. १९७२ च्या दुष्काळात दहा वर्षांचा असलेला मुलगा १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या वेळी एकतीसचा हवा, तो पंचविशीतच राहतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री अंगणात टिपूर चंद्रप्रकाश पडतो, वास्तविक ती अमावस्या. १९६० च्या विदर्भात सोयाबीन डोलते. पात्र, जन्मवर्ष, प्रसंग, महिना, तिथी असा एक तक्ता पहिल्या दिवसापासून ठेवला तर हे होत नाही. प्रकाशकाकडे संपादक असतोच असे नाही, तेव्हा हा तक्ता हाच बऱ्याच कादंबऱ्यांचा एकमेव संपादक.

मुद्रितशोधनाबद्दल मात्र बोललेच पाहिजे. लेखक युनिकोडमध्ये टंकलेखन करतो, अक्षरजुळणी कित्येक ठिकाणी अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये होते. रूपांतर करताना ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ पहिल्यांदा मोडतात. ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ झाले तर निदान डोळ्यांना खुपते. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला तर सह्याद्रीत समुद्र घुसतो आणि शुद्धलेखन तपासणीही हूं की चूं करत नाही. ‘अॅ’ची जागा बदलते, अवतरणचिन्हे उलटतात. त्यामुळे रूपांतरानंतरचे पहिले मुद्रित (तपासणीसाठी काढलेली प्रत) अर्थासाठी न वाचता फक्त या जोडाक्षरांसाठी पाहावे, मजकुराचे वाचन दुसऱ्या मुद्रितावर करावे. शेवटची पीडीएफ लेखकाने मागून घ्यावी. प्रकाशनसंस्था बंद पडली किंवा संगणक बिघडला, की दहा वर्षांनी पुन्हा सगळे टंकावे लागते.

पुस्तक कधी यावे यालाही हिशेब आहे. मराठी कादंबरीचा मोठा ग्राहक सार्वजनिक वाचनालये. त्यांची अनुदाने हप्त्यांनी येतात आणि खरेदी आर्थिक वर्ष संपताना उरकली जाते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत आलेले पुस्तक मार्चच्या खरेदीत धरले जाते आणि एप्रिलमधले वर्षभर पडून राहते. पुरस्कारांचेही तसेच. राज्य शासनाचा उत्कृष्ट वाङ्मयाचा पुरस्कार १ लाखाचा, पहिल्या कादंबरीचा ५० हजारांचा. वरच्या हिशेबाने १ लाख म्हणजे ५०० च्या पाच आवृत्त्या. त्या स्पर्धेसाठी प्रकाशनाचे कॅलेंडर वर्ष पाहिले जाते आणि प्रवेशिका डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला मागवल्या जातात. पुस्तकातल्या प्रकाशन-तपशिलाच्या पानावर ‘डिसेंबर’ छापून प्रती प्रत्यक्षात फेब्रुवारीत हाती आल्या, तर या वर्षीची मुदत गेलेली असते आणि पुढच्या वर्षी पुस्तक पात्र नसते. प्रकाशकाला हौसेने जुनी तारीख घालू देऊ नये.

वाचनालयांबाबत एक जुना प्रश्न आहे. राज्यात अनुदानित वाचनालये अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. एक प्रत दहा वर्षांत दोनशे घरांत फिरते आणि लेखकाला एकदाच ४० रुपये मिळतात. डेन्मार्कने १९४६ पासून आणि ब्रिटनने १९७९ च्या कायद्याने वाचनालयातल्या वापराचा मोबदला लेखकाला द्यायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये निवडक वाचनालयांच्या देवघेवीवरून अंदाज काढतात आणि एका लेखकाला वर्षाला जास्तीत जास्त ६,६०० पौंड देतात, म्हणजे सगळे पैसे चार लोकप्रिय नावांकडे जात नाहीत. आपल्याकडे असा कायदा नाही. उद्या झालाच तरी देवघेवीच्या नोंदी संगणकावर असल्याशिवाय चालणार नाही, आणि लहान वाचनालयांत त्या अजून वहीत आहेत. सुरुवात तिथून करावी लागेल.

कराचे दोन मुद्दे. रॉयल्टी वर्षाला ५० हजारांवर गेली की प्रकाशक १० टक्के कर कापतो. एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर आयकर विवरणपत्र भरून तो परत मिळतो, पण आयकर खात्याकडच्या आपल्या करकपातीच्या नोंदीत रक्कम दिसते का हे आधी पाहावे. साहित्यिक पुस्तकाच्या रॉयल्टीवर ३ लाखांपर्यंत वजावट (१९६१ च्या कायद्यातले कलम ८० क्यूक्यूबी) फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्याने दोन्ही गणिते मांडून मगच प्रणाली निवडावी. २० हजारांच्या रॉयल्टीसाठी जुन्या प्रणालीला चिकटणे हा आतबट्ट्याचा व्यवहार.

आणि वारस. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०१० अखेर संपला, वि. स. खांडेकरांचा २०३६ अखेरपर्यंत आहे. म्हणजे आज साठीत असलेल्या लेखकाच्या कादंबरीचा कारभार नातवंडांकडे जाणार. मृत्युपत्रात एका व्यक्तीला साहित्यिक हक्कांचा कारभार दिला नाही, तर नव्या आवृत्तीला सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, त्यांतला एक परदेशात आणि एक अबोल्यात असतो, आणि पुस्तक बाजारातून जाते.

आपल्या वृत्तपत्राकडे मागणे एकच. ‘पोच’ सदरात आपण पुस्तकाचे नाव, प्रकाशक, पाने आणि किंमत छापता. त्यात आवृत्तीची प्रतसंख्याही छापावी. ‘तिसरी आवृत्ती’ शंभराची की हजाराची, हे वाचनालयाला, दुकानदाराला आणि मुख्य म्हणजे लेखकाला कळेल. प्रकाशकाने आकडा दिला नाही तर त्या जागी ‘प्रतसंख्या कळवलेली नाही’ असे छापावे.

आपला,
एक कादंबरीकार, सांगली
(नाव छापू नये, ही विनंती.)